एक मिलिमीटरची मी आणि टाकीखालचं पाणअस्वल

मित्रांनो, माझी ओळख करून देताना लोक आधी माझी पेटी दाखवतात. सागवानी पेटी, आत निळी मखमल. मग मला बाहेर काढून उजेडात धरतात आणि हमखास म्हणतात, "अरे, हिच्यावर तर काहीच नाही!"

असं ऐकलं की माझं डोकं फिरतं. काहीच नाही कसं? माझ्या मधोमध एक रेघ आहे. लांबी एक मिलिमीटर, म्हणजे मोहरीच्या बारीक दाण्याएवढी, आणि तिचे शंभर सारखे भाग पाडले आहेत. नुसत्या डोळ्यांना तो एखादा केसाचा तुकडा वाटेल. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र शंभर घरं दिसतात, एकासारखं दुसरं, ना कमी ना जास्त. मी एक जुनी काचेची मोजपट्टी आहे. कारखान्यात मला स्टेज मायक्रोमीटर म्हणत, आणि म्हणताना आवाज जरा खाली आणत.

माझा जन्म परदेशातल्या एका थंड खोलीत झाला. हिऱ्याच्या टोकानं माझ्यावर रेघा ओढल्या. मी रडले नाही. काच रडत नसते, तडकते, आणि तडकायची माझी तयारी नव्हती. तिथून मी थेट चाकणच्या एका कारखान्यात आले. इंजिनात इंधन फवारणारी नोझल तिथे बनत. त्या नोझलची भोकं इतकी बारीक, की ती मोजायला सूक्ष्मदर्शक लागत. आता सूक्ष्मदर्शक खरं मोजतो की थापा मारतो, हे कोण ठरवणार? मी! मी कुणाचं माप घेत नसे, माप घेणाऱ्यांचं माप घेत असे. थोडा गर्व झाला होता, नाही म्हणत नाही. बाहेर भट्टीपाशी माणसं घामाघूम झालेली असत आणि मी वर्षाचे बाराही महिने वीस अंशांच्या खोलीत मखमलीवर पडलेली असे.

त्या खोलीचा राजा म्हणजे जयसिंग ओव्हाळ. चिंचवडहून कंपनीच्या बसनं येत, बूट बाहेर काढत आणि मला हात लावण्याआधी हातमोजे घालत. त्यांचा एक नियम होता. खोलीतल्या प्रत्येक मापाला वर्षातून एकदा तपासणीला जावं लागे. पास होऊन आलं की हिरवं स्टिकर, त्यावर पुढच्या तपासणीची तारीख. तारीख उलटली की लाल स्टिकर: 'वापरू नये'. एकदा लाल लागलं की खुद्द मालक आले तरी जयसिंग त्या मापाला कुणाला हात लावू देत नसत. "साहेब, लाल म्हणजे लाल," एवढंच म्हणत आणि कपाटाला कुलूप घालत.

एक दिवस त्या खोलीत कॅमेऱ्याचं मोठं यंत्र आलं. स्वतःच मोजतं, स्वतःच छापतं, वर स्वतःची मोजपट्टी माहेराहून घेऊन आलेलं. माझी तारीख आली आणि गेली. मला तपासणीला पाठवायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही. नियम तो नियम, म्हणून जयसिंगनी स्वतःच्या हातानं माझ्या पेटीवर लाल स्टिकर लावलं. लावून झाल्यावर बराच वेळ अंगठ्यानं ते दाबत बसले. मला फार वाईट वाटलं, मित्रांनो. माझी एक रेघसुद्धा हलली नव्हती.

ते निवृत्त झाले तेव्हा साहेबांनी विचारलं, "ओव्हाळ, आठवण म्हणून काय देऊ?" लोक घड्याळ मागतात, बॅग मागतात. जयसिंगनी मला मागितलं. अशी मी चिंचवडला त्यांच्या फ्लॅटमधल्या शोकेसमध्ये आले. वर बुद्धमूर्ती, मधल्या फळीवर आम्रपालीच्या ढाली आणि खाली मी, लाल स्टिकरासकट.

आम्रपाली म्हणजे जयसिंग आणि अंजलीबाईंची एकुलती एक मुलगी. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करते आहे. तिच्यासाठी जयसिंगनी जुन्या बाजारातून एक सूक्ष्मदर्शक आणला. एक तपासणी प्रयोगशाळा बंद पडली होती, तिचं सामान विकायला निघालं होतं. विकणाऱ्यानं पुसूनबिसून, एकदोन भिंगं बदलून तो चकचकीत केला होता. मोठ्या भिंगावरचे आकडे झिजून दिसेनासे झाले होते. पण त्याच्या पायावर कुणीतरी जुनी चिठ्ठी चिकटवलेली होती: 'मोठं भिंग, एक घर = अडीच मायक्रॉन'.

आता इथे जरा लक्ष द्या, कारण पुढचा सगळा गोंधळ या चिठ्ठीनं घातला. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. सूक्ष्मदर्शकात डोळा लावतो तिथे आत एक बारीक पट्टी असते. पण तिची घरं मुकी असतात. एक घर म्हणजे किती मायक्रॉन, हे खालच्या भिंगावर अवलंबून असतं. भिंग बदललं की घराची किंमत बदलते. ती नव्यानं ठरवायची तर माझ्यासारखी पट्टी भिंगाखाली ठेवावी लागते. चिठ्ठी पाहिल्यापासून मी शोकेसमधून ओरडत होते, मला एकदा तिथे ठेवा! पण काचेचा आवाज काचेबाहेर कुठे जातो?

त्यांच्या सोसायटीच्या गच्चीवर पाण्याची टाकी आहे. वॉचमन पंप चालू करतो आणि बंद करायला विसरतो, त्यामुळे टाकी रोज वाहते. बाकी सगळे त्याच्या नावानं बोटं मोडतात. पण त्या वाहत्या पाण्यानं कठड्याखाली हिरवं मखमली शेवाळ वाढलं होतं. आम्रपालीनं त्याचा चिमूटभर तुकडा आणला, बशीत भिजत घातला, दुसऱ्या दिवशी पिळला आणि ते गढूळ पाणी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. डोळ्याच्या भिंगावर तिनं मोबाइल बसवला आणि मोबाइल टीव्हीला जोडला. अंजलीबाईंची मालिका मध्येच गायब झाली.

"अगं ए, माझी मालिका!"

"मम्मी, दोनच मिनिटं."

"तुझी दोन मिनिटं म्हणजे… अगंबाई! हे काय चालतंय?"

टीव्हीवर एक गुबगुबीत प्राणी शेवाळाच्या पानावरून रांगत होता. आठ आखूड पाय, प्रत्येक पायाला नख्या. मागच्या दोन पायांनी पान घट्ट धरायचं आणि पुढचे सहा हवेत हलवायचे, नुकतं रांगायला लागलेलं बाळ धडपडावं तसं. आम्रपाली खुर्चीवरून उठून जागच्या जागी नाचायला लागली.

"टार्डिग्रेड! पाणअस्वल! पप्पा, आपल्या टाकीखाली पाणअस्वल राहतंय!"

मित्रांनो, मी जन्मभर नोझलची भोकं पाहिली. जिवंत काही पाहायची ही पहिलीच वेळ. शेवाळ वाळलं की हा प्राणी पाय पोटात घेऊन सुकल्या मनुकेसारखा पडून राहतो, पाणी मिळालं की पुन्हा उठून चालायला लागतो. हे आम्रपाली सांगत होती आणि जयसिंग टीव्हीच्या इतके जवळ गेले होते की अंजलीबाई म्हणाल्या, "आता आत शिरता का?"

त्या दिवसापासून घरात दुसरा विषय उरला नाही. पाणअस्वल आहे हे कळलं, पण कुठल्या जातीचं? आम्रपाली एकेक खूण टिपत गेली. तोंडापासून घशापर्यंत जाणारी सरळ नळी. घशाच्या फुगीर भागात दोन लांबट कण आणि मागे एक ठिपका. प्रत्येक पायावर नख्यांच्या दोन जोड्या. कूळ कळलं, पण पुढे गाडी अडली. या कुळातल्या कितीतरी जाती दिसायला सारख्याच. त्यांची ओळख पटते ती अंड्यावरून. लेकराची ओळख आईवरून पटते असं आपण म्हणतो, इथे आईची ओळख अंड्यावरून पटवायची!

मग सुरू झाला अंड्याचा शोध. बशीमागून बशी. टीव्हीवर मातीचे कण, शेवाळाची पानं, परागकण, कधी नुसताच हवेचा बुडबुडा. प्रत्येक गोल वस्तूला जयसिंग ओरडायचे, "ते बघ!" आणि आम्रपाली म्हणायची, "पप्पा, तो बुडबुडा आहे." अंजलीबाईसुद्धा भाजी निवडता निवडता एक डोळा टीव्हीवर ठेवू लागल्या.

आणि अंडं शेवटी त्यांनाच दिसलं.

"ते काय गं कोपऱ्यात? लाडवाला कुणी छोटे छोटे पेले चिकटवल्यासारखं?"

आम्रपालीचा हात थांबला. तिनं मोठं भिंग लावलं, स्क्रू केसभर फिरवला, आणि पडदाभर ते अंडं उभं राहिलं. गोल, आणि अंगभर बारीक उलटे पेले, ओळीत मांडलेले. एवढी नीटस कारागिरी मी माझ्याशिवाय कुणाच्या अंगावर पाहिली नव्हती. आम्रपालीनं आईला मिठी मारली, आईनं हातातली मेथीची जुडी सोडली नाही, आणि जयसिंग शोकेसवर थाप मारून "सापडलं!" म्हणाले. मी पेटीत उडाले.

आम्रपालीनं मापं घेतली. चिठ्ठीवर विश्वास ठेवून. मग पुस्तकं आणि शोधनिबंध उघडले. एका जातीचं अंडं हुबेहूब असंच होतं. तसेच पेले, तसेच दातेरी काठ. फक्त तिचं अंडं मोठं होतं. प्राणीही मोठा होता. ती हळूच म्हणाली, "पप्पा, म्हणजे ही कदाचित नवीन जात असेल. कदाचित हं. अजून तपासायचंय."

तो 'कदाचित' जयसिंगच्या कानात शिरलाच नाही. ज्या माणसानं आयुष्यात एक खिळा तपासल्याशिवाय पास केला नाही, तो माणूस पायात चपला अडकवून खाली पळाला. खाली पिंटू उभा होता. पिंटू म्हणजे त्यांच्या गल्लीचा उत्साही कार्यकर्ता. कुणाचा वाढदिवस असो, कुणी दहावी पास होवो, पिंटूचा फ्लेक्स लागलाच म्हणून समजा.

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या फाटकावर, नाक्यावर आणि विहाराच्या दारात तीन फ्लेक्स झळकले. 'चिंचवडची शान! नव्या महाकाय पाणअस्वलाच्या शोधाबद्दल कु. आम्रपाली जयसिंग ओव्हाळ हिचे हार्दिक अभिनंदन! रविवारी सकाळी विहारात जाहीर सत्कार. शुभेच्छुक: पिंटूदादा मित्र परिवार.' एका बाजूला आम्रपालीचा फोटो. दुसऱ्या बाजूला बर्फाच्या पाण्यात पोहणारं खरोखरचं पांढरं अस्वल. पिंटूला तेच सापडलं होतं.

"महाकाय?" आम्रपाली कपाळावर हात मारून म्हणाली. "पिंटूदादा, ते मिलिमीटरभरही नाही रे!"

"त्याच्या मानानं महाकायच ना, ताई," पिंटू म्हणाला. "आणि पब्लिकला मोठं लागतं राव."

फोन वाजू लागले. ताथवड्याहून मावशीचा, हिंजवडीच्या कॅबमध्ये अडकलेल्या चुलतभावाचा, जयसिंगच्या जुन्या शिफ्टमधल्या मित्रांचा. जयसिंग प्रत्येकाला सांगत होते, "नवीन जात शोधली पोरीनं, नवीन जात!" आम्रपाली मात्र फोन घेत नव्हती. एक कागद घेऊन ती आकडे मांडत बसायची आणि ओठ चावायची.

शुक्रवारी संध्याकाळी तिनं तो कागद वडिलांसमोर ठेवला.

"पप्पा, हे बघा. पुस्तकातली जात आणि आपली. लांबी दीडपट. घशातली नळी दीडपट. नख्या दीडपट. अंडं दीडपट. अंड्यावरचे पेलेसुद्धा दीडपट."

"मग? मोठी जात आहे. म्हणूनच नवीन."

"पण सगळंच कसं दीडपट? जात वेगळी असती तर काहीतरी पुढेमागे झालं असतं. एखादी नखी लांब, एखादा पेला बुटका. इथे सगळं एकाच हिशेबानं वाढलंय."

जयसिंग पेपर वाचत असल्याचं नाटक करू लागले. पेपर उलटा नव्हता एवढंच.

"पप्पा, लहानपणापासून तुम्ही मला काय सांगत आलात? लाइनवर बनलेले सगळे जॉब एकाच मापानं बाद व्हायला लागले तर?"

जयसिंगनी पेपर आणखी वर धरला.

"सांगा ना."

"…तर जॉबला हात लावायचा नाही," ते पुटपुटले. "आधी मोजणारं गेज तपासायचं."

मला आनंदानं मखमलीत उताणं व्हावंसं वाटत होतं. आम्रपाली उठली, शोकेसपाशी आली आणि तिनं माझी पेटी बाहेर काढली. "ही द्या मला. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून एकदा बघते."

"ठेव ती!" जयसिंगचा आवाज चढला. "लाल स्टिकर आहे तिच्यावर. लाल लागलेलं माप वापरायचं नसतं."

"पप्पा, आपण काय इंजिन बनवतोय का?"

"नियम म्हणजे नियम. तिच्यावरून काढलेल्या आकड्याला काय अर्थ?"

तेव्हा अंजलीबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. हात पदराला पुसत म्हणाल्या, "नियम आठवला का आता? त्या चिठ्ठीला कुठलं स्टिकर होतं? हिरवं का लाल? तिला तर काहीच नव्हतं. तिच्यावर तुम्ही तीन फ्लेक्स लावले." मग जरा हळू आवाजात, "रविवारी माझी पोरगी सगळ्यांसमोर उभी राहणार आहे. उद्या कॉलेजातल्या मॅडमनी विचारलं, मोजलंस कशानं, तर काय सांगेल? फ्लेक्स खोटा पडला तर पडू दे. पोरगी खोटी पडायला नको."

जयसिंगनी चष्मा काढला. पुसला. परत घातला. त्यांचं तोंड एवढंसं झालं होतं. मित्रांनो, मला तेव्हा त्यांची दया आली. माप चुकलं हे कळूनही ते मान्य करणं किती अवघड असतं! त्यातून ते आपल्या लेकीच्या कौतुकाचं असेल तर विचारूच नका.

शनिवारी सकाळी मी स्कूटरच्या डिकीत बसून भोसरीला गेले. एमआयडीसीतल्या एका गल्लीत मापं तपासून देणारी छोटी प्रयोगशाळा आहे. तिथे जयसिंगचा जुना जोडीदार दत्तोबा काम करतो. मूळचा भोसरी गावातला, वीस अंशांच्या आमच्या खोलीत दोघांनी मिळून उमेदीची वर्षं घालवली.

"काय जयसिंगराव! फ्लेक्स बघितला हो, नाक्यावर. पोरीनं नाव काढलं!"

"ते राहू दे. आधी हिला बघ." जयसिंगनी माझी पेटी पुढे केली.

दत्तोबानं झाकण उघडलं आणि त्याचे डोळे चमकले. "आरं, ही आपली जुनी! अजून हाय व्हय? पण जयसिंगराव, हिला लाल कशापायी? काचंला काय व्हतंय? माणसं वाकत्याल, मशिनी वाकत्याल, हिच्या रेघा न्हाई हालायच्या."

"तू म्हणतोस म्हणून हिरवं लागत नाही. मोज."

"तुमी न्हाई बदलायचा," दत्तोबा हसला. त्यानं मला तासभर थंड खोलीत ठेवलं. किती वर्षांनी ती वीस अंशांची हवा! मग मला पुसून आपल्या सर्वांत खात्रीच्या पट्टीशेजारी ठेवलं. मी श्वास रोखून धरला. काच श्वास घेत नाही हे मला माहीत आहे, तरी धरला. माझी पहिली रेघ, पन्नासावी, शेवटची. दत्तोबानं मान वर केली.

"एक मिलिमीटर. केसाचाबी फरक न्हाई."

त्यानं लाल स्टिकर सोलून काढलं आणि हिरवं लावलं. ते सोललेलं लाल स्टिकर टाकून द्यायला तो टोपलीकडे वळला, तेव्हा जयसिंग म्हणाले, "ते दे इकडे." आणि एका कागदावर चिकटवून त्यांनी ते शर्टाच्या खिशात ठेवलं. का, ते मला तेव्हा कळलं नाही.

त्याच दुपारी मी पहिल्यांदा आम्रपालीच्या भिंगाखाली गेले. उजेड अंगावर पडला, माझी शंभर घरं टीव्हीवर झळकली. अंजलीबाई म्हणाल्या, "अगंबाई, हिच्यावर तर केवढं आहे!" हे ऐकायला मी जन्मभर थांबले होते! आम्रपालीनं डोळ्याच्या भिंगातल्या पट्टीची रेघ माझ्या रेघेवर आणली, पुढची कुठे जुळते ते पाहिलं, पुन्हा पाहिलं, तिसऱ्यांदा वडिलांना पाहायला लावलं.

चिठ्ठी खोटं बोलत होती. जुनं भिंग गेलं, नवं आलं, चिठ्ठी मात्र तशीच राहिली. प्रत्येक घर तिनं दीडपट फुगवून सांगितलं होतं.

आम्रपालीनं कागद ओढला आणि सगळे आकडे खाली उतरवायला घेतले. मला वाटलं, पोरगी आता रडते. पण एकेक आकडा पुस्तकातल्या आकड्याशेजारी जाऊन बसत गेला. नळी बसली. नख्या बसल्या. अंडं बसलं. आणि शेवटी ते इवलेइवले पेलेसुद्धा! ती उठून ओरडली, "ओळखलं! पप्पा, मम्मी, ओळखलं तिला!" आणि तिनं जातीचं लॅटिन नाव घेतलं. मी ते सांगणार नाही, ते माझ्यापेक्षा लांब आहे आणि माझा उच्चार चुकेल. पण ते नाव घेताना तिचा चेहरा असा उजळला होता, जणू गर्दीत हरवलेली मैत्रीण सापडली.

"नवीन नाही ना पण," जयसिंग म्हणाले.

"नाही. पण आता मला ती कोण आहे ते माहीत आहे. आधी फक्त वाटत होतं."

मी सांगते, मित्रांनो, असा आनंद मी कारखान्यात इतक्या वर्षांत पाहिला नव्हता.

रविवारी विहाराचं सभागृह भरलं. मला आणि सूक्ष्मदर्शकाला पुढच्या टेबलावर मानाची जागा मिळाली, शेजारी टीव्ही. वंदना झाली. पिंटूनं माइक हातात घेऊन "महाकाय पाणअस्वलाच्या संशोधिका" असं म्हणून आम्रपालीला बोलावलं. टाळ्या झाल्या. तिनं सगळ्यांना "जय भीम" म्हटलं आणि माइक घट्ट धरला.

"मला आधी एक सांगायचंय. ही जात नवीन नाही. माझं माप चुकलं होतं. मी एका जुन्या चिठ्ठीवर विश्वास ठेवला, तपासलं नाही. काल तपासलं. ही जात जगाला आधीपासून माहीत आहे. म्हणून हा सत्कार मला घेता येणार नाही."

पिंटूच्या हातात शाल होती, ती तशीच राहिली. मागे कुणीतरी कुजबुजलं. जयसिंग पहिल्या रांगेतून उठले.

"चुकलं तिचं नाही," ते म्हणाले. "ती 'कदाचित' म्हणाली होती. मी ऐकलं नाही. गेज न तपासता माल पास केला, तो मी."

ते खाली बसले. तेवढ्यात मागून केसरबाईंचा आवाज आला. केसरबाई म्हणजे गल्लीतल्या सगळ्यात वयस्क बाई, कान जरा कमी पण जीभ धडधाकट.

"नवं न्हाई तर न्हाई! जुनं तर हाय ना? मंग दाखव की ते! आमी काय भाषाण ऐकाया आलोय व्हय?"

एकदम हशा पिकला. आम्रपालीनं डोळे पुसले आणि टीव्ही चालू केला.

मग काय विचारता! टाकीखालच्या शेवाळातली पाणअस्वलं पडदाभर चालू लागली. एकाच्या अंगात हिरवा घास दिसत होता, एक पानाला लोंबकळत होतं. मुलं टेबलाभोवती गोळा झाली. "ताई, ते चावतं का?" "ताई, आमच्या टाकीखाली पण असेल?" "ताई, हे माझ्या घरी नेऊ?" केसरबाईंना खुर्चीवर बसवून भिंगाला डोळा लावायला दिला. बराच वेळ त्या भिंगाला चिकटून राहिल्या. मग डोळा न काढताच म्हणाल्या, "आठ पाय हायेत गं. मी मोजलं." मग आम्रपालीनं अंडं लावलं, पेलेवालं, आणि प्रत्येकाला त्याच्या शेजारी माझी घरं दाखवली, म्हणजे ते केवढं आहे ते कळावं. त्या सकाळी मला जितक्या डोळ्यांनी पाहिलं, तितक्यांनी आधीच्या सगळ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. घरी जाताना मुलं शेवाळ शोधत गेली. टाकी वाहू देणाऱ्या वॉचमनला त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी चहा पाजला.

गर्दी पांगल्यावर जयसिंग माझी पेटी काखेत घेऊन विहाराच्या दारात आले. तिथे फ्लेक्स होता, पांढऱ्या अस्वलासकट. त्यांनी पिंटूकडून स्टूल मागून घेतलं, त्यावर चढले, शर्टाच्या खिशातून माझं ते लाल स्टिकर काढलं आणि 'नव्या' या शब्दावर चिकटवलं. अंगठ्यानं दाबलं. एवढ्या मोठ्या फ्लेक्सवर ते नखाएवढंच दिसत होतं. पण दिसत होतं.

पिंटू कळवळला. "काका, चारच दिवस झालेत राव लावून! चांगला आहे अजून."

"बाद माल नवा आहे का जुना, ते बघत नाहीत, पिंटू."

आम्रपाली मागे उभी होती. तिनं स्टूल घट्ट धरून ठेवलं. खाली उतरताना जयसिंगनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "चल. गच्चीवर दुसऱ्या कोपऱ्यात पण शेवाळ आहे. तिथे कोण राहतंय बघू."

मित्रांनो, आता माझी जागा शोकेसमध्ये नाही, सूक्ष्मदर्शकाच्या उजव्या हाताला आहे. हिरव्या स्टिकरासह. चिठ्ठी काढून टाकली आहे. तुमच्याही घरात, शाळेत माझ्यासारखं एखादं जुनं माप धूळ खात पडलं असेल, तर ते टाकून देण्याआधी एकदा पुसून उजेडात धरा. आणि एखादा आकडा तुम्हाला फारच आवडला, इतका की तो खाली पळत जाऊन सगळ्यांना सांगावासा वाटला, तर आधी त्या मापाला बोलवा. ते तुमचं कौतुक करणार नाही, पण तुम्हाला खोटंही पडू देणार नाही. लाल स्टिकर लागलं होतं तेव्हाही मी एक मिलिमीटर होते, आणि आजही एक मिलिमीटरच आहे.